उतारावर मी खोटी ठरले

मित्रांनो, मला ओळखणारे थोडे, आणि त्यांतले बरेचसे मला 'ती पिवळ्या कडीची पट्टी' एवढंच म्हणतात. त्यांची काही चूक नाही. मी एका जुन्या मोटारीच्या इंजिनात राहणारी, ऑइल मोजायची पट्टी आहे. हातभर लांब, बोटाहून बारीक, आणि खालच्या टोकाला दोन खुणा. ऑइल वरच्या खुणेच्या आसपास असलं की सगळं ठीक, खालच्या खुणेच्या खाली गेलं की इंजिनाचे हाल. एवढंच माझं ज्ञान. एवढ्यावर कुणी आपली कहाणी सांगावी का, असं मला बरेच दिवस वाटत होतं. पण ती एक सकाळ आठवली की अजूनही माझ्या अंगातून झिणझिण्या जातात, म्हणून धीर करते.

एका कारखान्यात पोलादाच्या लांब फितीतून मला कापलं गेलं. ठशाच्या एकाच फटक्यात खुणा उमटल्या. तिथला फोरमन म्हणाला होता, "हिला वाकवू नका रे, हिच्या शब्दावर इंजिन जगतं." माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक. ते मी आजवर जपून ठेवलं आहे.

पुढे मी ज्या घरी आले तिथले बाबा फरशी बसवायचं काम करत. त्यांच्या खिशात सदान् कदा एक छोटी लेव्हल असे. काचेच्या नळीत पाणी आणि त्यात एक बुडबुडा. तो मधोमध थांबला की जागा सपाट. दुसऱ्याच्या घरात केसभर उतार दिसला तरी बाबा बसवलेली फरशी उखडून पुन्हा बसवायचे. त्यांचं स्वतःचं घर मात्र चढाच्या गल्लीत होतं आणि आमची गाडी दारापुढे कायम नाक खाली करून उभी असे.

माझी काळजी घ्यायची आई. दर रविवारी ती पाव आणायला गाडी घेऊन खालच्या चौकात जायची. तिथली जमीन ताटासारखी सपाट. पाव बांधून होईपर्यंत इंजिन निवायचं, ऑइल तळाच्या भांड्यात उतरायचं. मग ती मला ओढून काढायची, मऊ फडक्याने पुसायची, पुन्हा आत सारायची आणि दुसऱ्यांदा काढून खुणा बघायची. कमी वाटलं तर तिथेच थोडं ओतायची. हे ती कुणाला सांगत बसली नाही. घरच्यांना वाटे, बाई पाव आणायला जाते!

मग आई दूरच्या बेटावरच्या इस्पितळात दोन वर्षांसाठी नर्स म्हणून गेली आणि मी बाबांच्या हाती आले. बाबा दारातच बॉनेट उघडायचे. गाडी नाक खाली करून उभी, त्यामुळे सगळं ऑइल पुढे, म्हणजे माझ्याकडे वाहत यायचं आणि मी वरच्या खुणेपर्यंत चिंब. "फुल्ल!" बाबा खुशीत म्हणायचे. मित्रांनो, माझ्या अंगाला जेवढं ऑइल चिकटतं तेवढंच मी दाखवते. बोलता येत असतं तर ओरडले असते. इंजिन म्हातारं झालं होतं, महिन्यागणिक ऑइल पीत होतं, आणि मी आपली 'फुल्ल' म्हणून मिरवत होते. मी खरी की खोटी, हेच मला कळेनासं झालं.

आणि ती सकाळ उजाडली. आई परत येणार होती! अकरा वाजता बंदरावर बोट लागणार. तिने पत्रात लिहिलं होतं, 'उतरल्या उतरल्या तुमची तोंडं दिसू देत, मला दुसरं काही नको.' बंदर तीन तासांवर, मधे वळणावळणाचा घाट. बाबांनी नवा सदरा घातला होता. लेकीने नुकतंच लायसन्स काढलं होतं आणि गाडी ती चालवणार होती.

"बाबा, काल वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला," लेक म्हणाली. तिच्या काखेत गाडीबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक होतं.

"वायर सैल असेल. मी आत्ताच बघितलंय, फुल्ल आहे. चल, बस."

"पुस्तकात लिहिलंय, गाडी सपाट जागी हवी. तुमची लेव्हल द्या."

"आता काय गाडीला फरशी बसवणार आहेस?"

पण लेकीने त्यांच्या खिशातून लेव्हल काढली आणि दारापुढच्या रस्त्यावर ठेवली. बुडबुडा सर्रकन एका टोकाला जाऊन चिकटला.

"बाबा, तुमचा बुडबुडा पळाला!"

बाबा खाली वाकून बघतच राहिले. आयुष्यभर लोकांच्या घरातला उतार शोधणारा माणूस, स्वतःच्या दारातला उतार आज पहिल्यांदा बघत होता.

गाडी हळूहळू चौकात आली. लेव्हल जमिनीवर ठेवली, बुडबुडा मधोमध. इंजिन बंद. आता दहा मिनिटं थांबायचं. बाबा घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालू लागले.

"अगं, बोट काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

"इंजिन बसलं घाटात, तर आपणच थांबू. कायमचे!"

बेकरीवाली मावशी दारात आली. "आईच्याच जागेवर उभी केलीस की गं गाडी. ती पण अशीच थांबायची, मग ती पट्टी काढायची."

बाबांच्या येरझाऱ्या थांबल्या. "म्हणजे ती नुसत्या पावासाठी येत नव्हती!" बाबा म्हणाले.

लेकीने मला काढलं, पुसलं, आत घातलं, पुन्हा काढलं. माझा जीव नुसता खालीवर होत होता! खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला जेमतेम एक थेंब. दोन वर्षांनी मी खरं बोलले होते. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

आई जाताना ऑइलचा एक बंद डबा डिकीत ठेवून गेली होती. बाबा धावत जाऊन तो घेऊन आले, आणि त्यांच्या कामाच्या पिशवीतलं नरसाळंही.

"बाबा! त्याला सिमेंट लागलंय!"

मावशीने पाव बांधायचा कोरा कागद दिला, लेकीने त्याची सुरळी केली. बाबा अख्खा डबा उपडा करायला निघाले. "थांबा! जास्त झालं तरी इंजिनाला त्रासच." अर्धा लिटर ओतलं, थोडं थांबले, मला विचारलं. खालची खूण. आणखी थोडं ओतलं, पुन्हा मला विचारलं. ऑइल माझ्या अंगावर वर चढत होतं, मित्रांनो, चढत होतं! वरच्या खुणेच्या जरा खाली पोचलं तशी लेक म्हणाली, "बस्स!" आणि झाकण घट्ट फिरवलं.

घाटातलं प्रत्येक वळण मी श्वास रोखून पार केलं. लाल दिवा एकदाही लुकलुकला नाही.

धक्क्यावर पोचलो तेव्हा बोटीचे दोर बांधत होते. आई उतरली, दोघांच्या गळ्यात पडली, रडली, हसली. मग सामान ठेवायला गाडीपाशी आली आणि सवयीने तिने बॉनेट उघडलं.

"थांब, थांब!" बाबांनी खिशातून लेव्हल काढली, गुडघे टेकून धक्क्याच्या फरशीवर ठेवली. बुडबुडा मधोमध. "हं, आता बघ."

आईने मला काढलं, पुसलं, आत सारलं आणि पुन्हा काढून पाहिलं. "कुणी भरलं?"

"हिने," बाबा म्हणाले. "मी दोन वर्षं उतारावर बघत होतो."

आई इतकी हसली की मी तिच्या हातात थरथरले.

मित्रांनो, मी आता फार जुनी झाले आहे, खुणाही पुसट होत चालल्या आहेत. मला उपदेश जमत नाही. फक्त एक विनंती करते. माझ्यासारख्या मुक्या वस्तूला काही विचारायचं असेल, तर आधी तिला सपाट जागी उभी करा, तिला थोडा वेळ द्या, आणि पुसून दुसऱ्यांदा विचारा. खरं सांगायची आमची फार इच्छा असते हो.