पहिल्यांदाच येताय?

"तुझी पोहायची चड्डी कुठेय?" कपाटाच्या खणातून डोकं बाहेर न काढता मिग्दालियाने विचारलं.

स्वयंपाकघरातून नवऱ्याचं उत्तर आलं.

"माझ्याकडे कुठली आलीय पोहायची चड्डी?"

चड्डी तिच्या हातातच होती. खणाच्या तळाशी, जुन्या स्वेटरच्या आत गुंडाळलेली, निळी, नाडीच्या गाठीत अजून वाळू अडकलेली. तिने ती त्याच्या शर्टांखाली सारली आणि बॅगेची चेन ओढली.

एफ्राइन कॉफीचा कप घेऊन दारात आला. "मला एक कळत नाही. किसिमीत, थीम पार्कांच्या गावात राहणारी माणसं आपण. लोक आख्खं वर्ष पैसे साठवून इथे येतात, आणि आपण इथून उठून फिरायला जायचं कुठे? पार्कात तर मी रोजच असतो, एसी दुरुस्त करायला."

"पार्काचं कोण बोलतंय? जोडप्यांची सहल. माझी."

"तुझी म्हणजे?"

"माझी म्हणजे माझी. झऱ्यावर काचेच्या तळाची बोट, मग तिथून पुढे टेबलावर आपले आपण भाजायचे पॅनकेक, मग तळ्याकाठचं गाव. विसरलास? एवढी वर्षं जेवताना डोकं खातेय तुझं."

"नाही, विसरलो नाही," तो म्हणाला, आणि कप धुवायला आत गेला. कॉफी अजून अर्धी शिल्लक होती.

मिग्दालिया हायवेवरच्या एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करायची. पार्कांना कंटाळलेली, मुलांना आजीच्या गळ्यात घालून दोघंच कुठे जाता येईल असं हळूच विचारणारी जोडपी तिच्याकडे पाठवली जात. त्यांच्यासाठी तिने ही सहल हळूहळू रचली होती. बोटीत डावीकडेच का बसायचं, पॅनकेकला आधी कुठलं पीठ घ्यायचं, सगळं. लोक परत येऊन तिचे हात हातात घेत. ती स्वतः मात्र कधी गेली नव्हती. दरवर्षी एफ्राइन म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू, आपण तर इथलेच. आणि तिलाही ते पटायचं.

मग एका रविवारी चर्चबाहेर तिची मावसबहीण नेरेइदा म्हणाली, "त्या दिवशी झऱ्यावर केवढा हात हलवला मी. पिवळी टोपी घालून बसली होतीस एफ्राइनच्या खांद्याला टेकून. ढुंकून बघितलं नाहीस माझ्याकडे."

त्या दिवशी मिग्दालिया गणवेश घालून हॉटेलात उभी होती. एफ्राइन कुणाच्या तरी माळ्यावर कॉम्प्रेसर बसवायला गेला होता आणि मानेवर, दंडांवर लालबुंद होऊन घरी आला होता. माळ्यावर ऊन कुठून आलं, हे तिने तेव्हा विचारलं नव्हतं.

"ऊन डोळ्यांवर होतं गं," ती नेरेइदाला म्हणाली.

बाई ठेवली असती, हॉटेलात गेला असता, तर तिने कदाचित ताटं आपटून, आठवडाभर रडून गिळलं असतं. पण त्याने त्या बाईला मिग्दालियाच्या सहलीवर नेलं होतं. याची माफी नाही, असं तिने चर्चच्या पायऱ्यांवरच ठरवलं. नुसतं भांडून भागणार नव्हतं. त्याला दुखलं पाहिजे होतं, आणि दुखतंय कुठे ते दाखवताही येता कामा नये.

रस्त्यावर मे महिन्यातले काळे किडे जोडीजोडीने उडत होते आणि काचेवर आपटून चिकटत होते. एफ्राइनने पाणी मारून वायपर लावला तसा सगळा चिखल झाला.

"मरतानाही एकमेकांना सोडत नाहीत," मिग्दालिया म्हणाली. "किड्यांना जमतं बघ."

पेट्रोल पंपावर उतरून त्याने काच लख्ख पुसली.

झऱ्याच्या धक्क्यावर म्हातारा कॅप्टन बोटीच्या तोंडाशी उभा राहून एकेका जोडप्याला हात देत होता. "पहिल्यांदाच येताय?" त्याने पुढच्या जर्मन जोडप्याला विचारलं. त्यांच्या पुढच्यांनाही विचारलं होतं. मग एफ्राइनचा हात धरला, त्याच्याकडे पाहिलं, मिग्दालियाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आज पाणी छान आहे. या, बसून घ्या."

आपल्याला त्याने विचारलंच नाही, हे मिग्दालियाने टिपलं. हा रिवाज तिच्याही धंद्यातला होता. जोडपं दारात आलं की पहिला प्रश्न तोच. पण पुरुष ओळखीचा निघाला आणि सोबतची बाई मागच्या वेळेपेक्षा निराळी असली, तर तो प्रश्न गिळायचा. विचारलं तर बिचाऱ्याला बायकोसमोर खोटं बोलावं लागतं. सरळ नाश्त्याच्या वेळा सांगायच्या. तिने स्वतः कितीदा गिळला होता. घरी येऊन जेवताना सांगायची, "आज आणखी एकाला विचारलं नाही," आणि एफ्राइन हसून हसून ठसका लागेपर्यंत हसायचा.

आता त्याचे खांदे सैल पडले होते. म्हाताऱ्याने ओळखलं नाही, असं त्याला वाटत होतं. छताची आडवी पट्टी यायच्या आधीच त्याने मान वाकवली आणि तो डावीकडे जाऊन बसला.

बोट झऱ्याच्या तोंडावर थांबली. काचेखाली निळं विवर उघडलं. शेजारची जर्मन बाई नवऱ्याला काहीतरी विचारत होती, तेवढ्यात एफ्राइन तिच्याकडे झुकला.

"निळं पाणी नाही, मॅडम. पाणी बिनरंगीच आहे. निळी आहे ती पाण्याची खोली."

ते वाक्य मिग्दालियाचं होतं. शब्दन् शब्द. म्हणजे इतकी वर्षं मान खाली घालून जेवणारा हा माणूस सगळं ऐकत होता. सगळं जपून ठेवलं होतं त्याने, आणि नेऊन दुसरीच्या ओटीत घातलं. तिचे डोळे भरून आले. तिने खाली काचेत पाहिलं. एक कासव निवांतपणे चाललं होतं.

पॅनकेकच्या खानावळीत प्रत्येक टेबलाच्या मधोमध तवा होता. वाढणारी मुलगी शेजारच्या टेबलावर तेल किती, बुडबुडे कधी येतात, उलटायचं कसं ते सांगत बसली होती. यांच्याकडे आली, पिठाची दोन भांडी ठेवली, "मजा करा" म्हणाली आणि निघून गेली. तिनेही विचारलं नाही.

एफ्राइनने पीठ ओतलं आणि मुद्दाम उशिरा उलटलं. रोज बारीक स्क्रू फिरवणारे ते हात आज कलथा धरायला विसरले होते. पॅनकेक एका बाजूने काळा झाला.

"जमत नाहीये तुला."

"पहिल्यांदाच करतोय ना."

"हो ना," ती म्हणाली. "दे इकडे. मी खाते."

तिने तो जळका पॅनकेक शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. त्याने तिच्या ताटाकडे मधाची बाटली सरकवली. मग एकदम, कुणी न विचारता, म्हणाला, "मिग्दा, आधीच यायला हवं होतं गं आपण."

त्याचा आवाज खरा होता. क्षणभर तिला वाटलं, आत्ता विचारावं. इथेच, तव्यासमोर. तो सांगेल, रडेल, आपणही रडू, आणि रात्री घरी जाऊन झोपू. तिने तोंडही उघडलं. पण त्याच्या मागच्या खिडकीतून पाणी दिसत होतं, आणि पाण्याच्या काठावर बायका टोप्या घालून बसल्या होत्या.

"आधी कोण कशाला आणेल?" ती म्हणाली. "आपण तर इथलेच."

तळ्याकाठच्या गावात पोचेपर्यंत दुपारची सर येऊन गेली होती. ओकच्या झाडांवरून लोंबणारं शेवाळ टपटपत होतं. हे विश्रामगृह मिग्दालियाच्या जुन्या सहलीत नव्हतं. तिने ते नव्याने घातलं होतं. गाडीतून उतरताना एफ्राइनने लाकडी व्हरांडा, झुलत्या खुर्च्या, सगळीकडे नजर फिरवली आणि त्याचा चेहरा उजळला. इथे त्याला कुणी ओळखणार नव्हतं, आणि नाटकही करायची गरज नव्हती.

मालकीण मिसेस हॅचर चष्मा पुसत बाहेर आल्या. त्यांनी एफ्राइनचा हात हातात घेतला.

"पहिल्यांदाच येताय आमच्याकडे?"

"हो," तो मनापासून म्हणाला. "अगदी पहिल्यांदा."

"छान, छान." मग त्या मिग्दालियाकडे वळल्या. किंचित थांबल्या. "नाश्ता नऊला असतो. अंजिराचा मुरंबा आहे. खोली वरची, तळ्याकडची."

एफ्राइनचा हात बॅगेच्या मुठीवर तसाच राहिला. तो हसत होता, आणि हसू चेहऱ्यावरून जायला बराच वेळ लागला. त्याने मिसेस हॅचरकडे पाहिलं, मग बायकोकडे. इतक्या रात्रींची जेवणं, इतके गिळलेले प्रश्न, सगळं त्याच्या डोळ्यांत एकामागून एक येऊन उभं राहिलेलं तिला दिसलं. मग त्याला म्हातारा कॅप्टन आठवला असावा, कारण त्याचा रंगच उतरला.

मिग्दालिया मागच्या आठवड्यात इथे आली होती. एकटी. वरच्या खोलीत एकटी झोपली होती, खरं म्हणजे झोपली नव्हती. सकाळी मुरंबा न खाता तिने मिसेस हॅचरना सांगितलं होतं, "नवऱ्याला घेऊन येणार आहे मी. त्याला विचारा. मला विचारू नका." म्हाताऱ्या बाईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं होतं. या धंद्यात कारण कुणी विचारत नाही.

खोलीत तो पलंगाच्या कडेला बसला. एक बूट काढला, दुसरा तसाच पायात.

"मिग्दा."

"काय?"

"कोण..."

ती त्याच्याकडे वळली. खरं सांगायला एवढासा वेळ पुरला असता. कुणी नाही रे, एकटीच होते. पण मग त्याला मोकळं वाटलं असतं.

"कोण म्हणजे?" तिने शांतपणे विचारलं. "कशावरून?"

कशावरून ते सांगायचं, तर बोटीवरचंही सांगावं लागलं असतं. त्याने खिडकीकडे पाहिलं. खिडकीतला एसी घरघरत होता.

"कोण बघतं इथला एसी, म्हटलं. मोटर बसलीय."

"मग बघ तू."

तो उठला. एक बूट घालून, एक मोजा जमिनीवर घासत तो खिडकीशी गेला आणि खिशातल्या छोट्या पेचकसाने जाळी उघडू लागला. स्क्रू पुन्हापुन्हा त्याच्या बोटांतून निसटत होता. बाहेर ढग दाटून आले आणि खोली काळवंडली.

"दिसतंय का तुला?" मिग्दालियाने विचारलं.

"नाही. दिव्याचं बटण सापडत नाही."

दाराजवळ नव्हतं, पलंगाजवळ नव्हतं. तो भिंत चाचपत राहिला. मिग्दालिया आरशासमोर बसून कानातलं काढत होती. त्याच्याकडे न बघता तिने डावा हात मागे नेला, जाड पडद्याच्या आत घातला आणि दिवा लावला.