भाणातल्या चौदा बाटल्या

सेजलच्या हाताला बुरशी आहे, हे घरात ठरून एक वर्ष झालं होतं.

ठरवलं होतं पद्मावतीकाकीनं. आणि वारखंडच्या त्या घरात मीठ, तेल, ऊन आणि बरणी या चार गोष्टींत काकीच्या शब्दापुढे शब्द नव्हता. गेल्या साली मे महिन्यात तिनं सेजलला पहिल्यांदाच शेजारी बसवून तोरां घालायला लावली. तोरां म्हणजे आंब्याच्या कोवळ्या इवल्याशा कैऱ्या. मिठाच्या पाण्यात मुरवायच्या आणि वर्षभर पेजेबरोबर चाखत बसायच्या. सेजलनं एकेक तोर पुसून, उजेडात फिरवून बघून बरणीत रचलं. वर धुऊन वाळवलेला दगड ठेवला. काकीनं बरणीच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं, म्हणजे आमच्याकडचा दादरा.

चवथीला, म्हणजे गणपतीत, पाहुण्यांच्या पानात वाढायला म्हणून बरणी सोडली, तर आत हिरवट पांढरं जाळं!

"शी! ही कोणी घातली गो?" डिचोलीहून आलेल्या सुमंगला आत्यानं नाकाला पदर लावला.

"ह्या चेडवान," काकीनं सेजलकडे बोट दाखवलं. "हातगुण नाय."

झालं. त्या दिवसापासून सेजलला कोठीच्या खोलीत जायची बंदी. उन्हाळ्यात आंब्याची साटं, म्हणजे आंबापोळी, वाळत घातली तरी हिचं काम एकच, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून कावळे हाकायचे. कावळ्यांनासुद्धा हातगुण लागू नये, इतक्या लांब!

पण यंदाची सेजल गेल्या सालची नव्हती. दहावीत गेली होती, आणि जुलैत शाळेत एक गोष्ट घडली होती. सुविधा टीचरनी एक दिवसाचं शिबिर ठेवलं होतं, परसातली फळं बाटलीत कशी टिकवायची त्याचं. शेवटी टीचरनी विचारलं, "कोण सांगेल झाकण आत का ओढलं गेलं ते?" सेजल उठली. माईक हातात घेतला आणि गरम हवा, थंड हवा, बाहेरचा दाब सगळं घडाघडा सांगून मोकळी झाली. आवाज थरथरला नाही. टाळ्या पडल्या. त्या दिवशी तिचा आवाज जो सुटला, तो सुटलाच.

तर यंदाच्या चवथीचा पाचवा दिवस उलटला, गणपती गेले, आणि कृष्णनाथकाका माटोळी सोडायला शिडीवर चढला. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली ही रानफळांची, भाज्यांची चौकट म्हणजे काकाचा जीव की प्राण. महिनाभर तो डोंगर पालथा घालत होता. आता खाली ढीग पडला होता. आंबाडे, चांदणीच्या आकाराची करमलां, अननस, पपनसासारखी डोक्याएवढी तोरिंजनं. शेजाऱ्यांना वाटावं तर प्रत्येक शेजाऱ्याच्या दारात त्याचा स्वतःचा ढीग. मग दरवर्षी चार दिवसांनी सगळं माडाच्या मुळाशी जायचं, आणि त्या दिवशी काका मुद्दाम घराबाहेर पडायचा. देवाच्या डोक्यावरची फळं कुजताना त्याला बघवत नसत.

"माका द्या ता," सेजल म्हणाली.

"काय करतलंस? परत टांगतलंस?" काका शिडीवरून हसला.

"बाटल्यांत भरतलंय. सहा महिने ऱ्हवतली."

आतून काकीचा आवाज आला. "कोण भरतला? ह्या?"

"ह्याच!" सेजल म्हणाली.

काकी पदराला हात पुसत बाहेर आली. सेजलची आई दारात उभी राहून डोळ्यांनीच 'गप ऱ्हव' म्हणत होती. पण सेजलनं तिकडे बघितलंच नाही.

"बरां," काकी म्हणाली. "भर. दिवाळीक सुमंगला फोव खाऊक येतली. तिच्या देखत उघडूया. बुरशी दिसली तर परत बरणेक हात लावायचो नाय. केदनाच नाय."

"आणि नाय दिसली तर?"

काकीला 'आणि नाय तर' विचारायची त्या घरात कुणाची छाती झाली नव्हती.

"नाय दिसली तर," काकी सावकाश म्हणाली, "येत्या सालची तोरां तू एकट्यान घालायची. मी वसरीर बसान ऱ्हवतलंय. तोंड उघडूचंय नाय."

काकी तोंड उघडणार नाही! काका शिडीवरून पडायचाच बाकी होता.

बाटल्या आणि झाकणं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आली. चौदा बाटल्या बुडतील एवढं भांडं मात्र घरात एकच होतं, न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण. ते सेजलनं बाहेर काढलेलं बघून काकीनं कपाळाला हात लावला. "आंघोळीच्या भाणात खाणां शिजयतंस?" सेजलनं दोन तास आमसुलांनी घासून भाण असं लख्ख केलं, की त्यात काकीचं रागावलेलं तोंड स्वच्छ दिसत होतं.

मग नुसती धांदल! अननस आणि करमलां गुळाच्या पाकात. आंबाडे मोहरी आणि व्हिनेगरात. तोरिंजनाच्या फोडी साली किसून साखरेत. बाटल्या उकळून काढल्या, गरम असतानाच गरम फळं भरली, कडा पुसल्या, झाकणं लावली. भाणाच्या तळाला जुना टॉवेल घातला, म्हणजे तांब्यावर आपटून काच फुटायला नको. बाटल्या पाण्यात पूर्ण बुडल्या, खाली लाकडं पेटली, आणि टीचरच्या कागदाप्रमाणे घड्याळ लावून उकळी. सेजलचे केस धुरानं वाळक्या गवतासारखे झाले. चुलतबहीण दिपाली दारातून म्हणाली, "तुझाच मुरांबो जातलो गो हंय."

संध्याकाळी बाटल्या टेबलावर मांडल्या. प्रत्येक झाकणाच्या मधोमध बटणासारखा उंचवटा होता. बाटली थंड होते, आतली हवा आकसते आणि तो उंचवटा आत ओढला जातो. टक्! एवढासा आवाज. पण टक् म्हणजे बाटली बंद, आता आत हवा नाही, बाहेरचं काही आत जात नाही. टक् झालं नाही तर ती बाटली आजच खाऊन टाकायची.

टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्, टक्. सेजल टेबलाशी हनुवटी टेकून बसली होती. चौदावं टक् झालं तेव्हा ती अशी ओरडली, की मोपाच्या विमानतळावर उतरणारं विमान परत फिरलं असतं.

कोठीत बंदी, म्हणून बाटल्या तिच्या अभ्यासाच्या फळीवर गेल्या, भूमितीच्या पुस्तकाशेजारी.

तीन आठवडे सगळं ठीक होतं. मग एका दुपारी ती शाळेतून आली, दप्तर टाकलं, फळीकडे बघितलं, आणि धावत फळीपाशी गेली.

चौदाच्या चौदा बाटल्यांना दादरे बांधले होते. स्वच्छ पांढरी फडकी, सुतळीनं नीट आवळलेली. झाकणं बाजूला एकावर एक रचून ठेवलेली.

"काकी!"

काकी लगबगीनं आली. चेहऱ्यावर एखादं पुण्याचं काम केल्यासारखं समाधान. "बघलंस? सकाळी केर काढताना बघलंय तर सगळी झाकणां आत गेल्ली. चेपल्ली! एक नाय, सगळी. म्हटलां, कोंडून खराब जाता आसतला. उघडून वारो दिलंय, दादरे बांधलंय. बरणेक श्वास लागता गो. तुका सुमंगलेसमोर परत मान खाली घालूची लागूक नको म्हणान केलंय."

आयुष्यभर ती बरण्या अशाच सांभाळत आली होती. उघडायच्या, हलवायच्या, हवा द्यायची, फडकं बांधायचं. चेपलेलं झाकण तिला आजारी वाटलं, म्हणून तिनं औषध केलं. आणि तेही सेजलची लाज राखायला! आता रागवायचं तरी कुणावर?

गेल्या सालची सेजल असती तर विहिरीमागे जाऊन रडली असती. या सेजलला रडू आलं, नाही असं नाही, पण ते तिनं नाकातच थांबवलं आणि विचारलं, "किती वाजता उघडलंस?"

"धा वाजले आसतीत."

आता अडीच वाजत होते. टीचरचं वाक्य तिला पाठ होतं. झाकण त्याच दिवशी निघालं असेल तर फळ परत उकळा, बाटली परत उकळा, झाकण मात्र नवं. एकदा आत ओढलेलं झाकण परत धरत नाही.

"दिपाली! स्कूटर काढ. म्हापसा. असलीच झाकणां, चौदा. नाय, वीस आण!"

"आत्ता? माझा जेवाण..."

"तुझ्या आवशीन उघडल्यान. तूच आणूक व्हया."

दिपालीनं आईकडे बघितलं, सेजलकडे बघितलं, आणि हेल्मेट उचललं.

काकी तिथेच उभी होती. तिला कळलं होतं की काहीतरी चुकलंय, काय ते कळलं नव्हतं. मग जे घडलं ते त्या घरात पहिल्यांदाच घडलं. काकीनं सेजलला विचारलं, "मी काय करू?"

"भाणाखाली जाळ घाल. मग हात धू, पूस आणि फळां पातेल्यात काढ. पण डवलो कोरडो घे. एकदम कोरडो. वल्लो डवलो आत गेलो, त्या पाण्याच्या थेंबान सगळा संपला."

काकीनं भिंतीवरचा करवंटीचा डवला, म्हणजे लांब दांड्याचा डाव, काढला. पदरानं पुसला. आणि मग तो हातात धरून कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

"काकी, जाळ!"

"होय, होय."

संध्याकाळी पोदेर भोंपू वाजवत पाव घेऊन आला, तेव्हा बाटल्या टेबलावर थंड होत होत्या आणि काकी सेजलशेजारी बसली होती. पहिलं टक् झालं तशी ती दचकली. दुसरं झालं. तिसऱ्याला ती वाकून जवळ गेली.

"म्हणजे झाकण आत गेला काय बरां?"

"होय. आत वारो नाय."

"आणि वारो नाय, पाणी नाय, तर बुरशी नाय."

"नाय."

काकी चौदा टक् होईपर्यंत उठली नाही. पोदेर हाका मारून कंटाळून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव नव्हते, आणि काकीनं त्याबद्दल कुणाला बोल लावला नाही. ही खरी आश्चर्याची गोष्ट!

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी सेजलनं भाणाला कडू कारिटांची माळ घातली. दरवर्षीची पद्धतच ती. यंदा मात्र तिनं दुहेरी माळ घातली, कारण भाणानं तिच्यासाठी दुहेरी काम केलं होतं.

सकाळी नरकासुर जाळून, आंघोळी करून, कारीट पायाखाली फोडून सगळे फोवांना, म्हणजे पोह्यांना बसले. गोडाचे, ताकातले, नारळाच्या रसातले, तिखट. सुमंगला आत्या डिचोलीहून नवी साडी आणि जुनी जीभ घेऊन आली होती.

"काय गो सेजल? यंदा बुरशी खंयच्या रंगाची?"

"तूच बघ आणि सांग," सेजल म्हणाली आणि एक बाटली आत्याच्या पुढ्यात ठेवली. "तूच उघड."

आत्यानं झाकण पिरगाळलं. फिरेना. दात आवळले, पदर गुंडाळला, परत पिरगाळलं. सगळे हात थांबवून बघत होते. काकी भिंतीला टेकून उभी.

टप्प!

अननसाचा आणि गुळाचा वास असा उसळला, की कृष्णनाथकाका ताकातले फोव तसेच टाकून पुढे सरकला. पाक मधासारखा, फोडी पिवळ्याजर्द, करमलांच्या चांदण्या जशा भरल्या तशाच. आत्यानं बाटली उजेडाकडे धरली, फिरवली, उलटी करून तळ बघितला. चष्मा लावून पुन्हा बघितला. मग फोड काढली, तोंडात टाकली. चावली. लगेच दुसरी उचलली.

"सांग मगे रंग," काका म्हणाला.

"गप रे. खावंक दी," आत्या म्हणाली आणि बाटली स्वतःकडे ओढली.

हास्याचा गदारोळ उठला. दुसरी बाटली उघडली, टप्प. तिसरी, टप्प. आंबाडे कडक, तोरिंजनाच्या फोडी नुसत्या चमकत होत्या. काका एक फोड खाऊन म्हणाला, "ह्या माझ्या माटोळीतला!" आणि त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात काकी पुढे झाली. गोंधळ आपोआप थांबला.

"सुमंगला, गेल्या साली तुझ्यासमोर म्हटलंय, चेडवाक हातगुण नाय. आज तुझ्याचसमोर सांगतंय. गेल्या सालच्या श्रावणात हेंका," तिनं काकाकडे बोट केलं, "ताप इल्लो. पेजेक तोरां व्हयी म्हणाले. मी धावपळीत भांडी धुता धुता तसोच वल्लो डवलो बरणीत घातलंय आणि चार तोरां काढलंय. माका आठवणूय नव्हती. त्या दिवशी ह्या चेडवान 'वल्लो डवलो' म्हटल्यान आणि माका आठवला. हात तिचो नव्हतो. डवलो माझो होतो."

सेजलच्या तोंडावर असं हसू पसरलं की ते आवरेचना.

"मगे खतखतां भरतंस काय गो बाटलीत?" आत्यानं वातावरण हलकं केलं. "माका डिचोलेक व्हरूक."

"नाय," सेजल म्हणाली. "त्यात भाज्यो, डाळ. ता आंबट नाय. नुसत्या उकळीन त्यातला वीख मरणा नाय, त्याका वेगळा यंत्र लागता. ता मी अजून शिकूक नाय."

"शिक मगे!" काकी म्हणाली. आणि कमरेची कोठीची चावी सोडून तिनं सेजलचा हात धरला.

कोठीत मिठाचा, हिंगाचा, जुन्या कैरीचा वास होता. वर्षभरात पहिल्यांदाच तो सेजलच्या नाकात गेला. कोपऱ्यात तोरांची मोठी बरणी घासूनपुसून पालथी घातलेली. काकीनं ती सरळ केली आणि डवला सेजलच्या हातात दिला.

सेजलनं तो खिडकीच्या उजेडात धरला, आतून बघितला, बाहेरून बघितला, दांड्याच्या सांध्यावरून बोट फिरवलं.

"कोरडो आसा गो!" काकी म्हणाली.

"तू तोंड उघडूचंय नाय म्हणालंलंस," सेजल म्हणाली. काकीनं तोंडावर पदर धरला, आणि तिचे खांदे हसून हसून हलायला लागले.