उतारावरची गरम राख

आर्विद कांगासच्या हाती एकदा माईक गेला की तो परत मिळवायला गावाला घाम फुटायचा. दर जानेवारीत गावच्या सभागृहात 'निसरड्यावर छोटा ट्रॅक्टर' या विषयावर त्याचं भाषण व्हायचं. लोक गोड वडे खायला यायचे, पण आर्विदची समजूत अशी की ते त्याच्यासाठी येतात. मागच्या चाकांना साखळ्या घाला, डोक्यामागची लोखंडी कमान उभी करा, पट्टा बांधा, चारही चाकं जोडून खालच्या गिअरमध्ये चालवा, असं तो बोटांवर मोजून सांगायचा. पुढच्या बकेटात ओझं असेल तर उतारावर रिव्हर्समध्येच उतरायचं, म्हणजे ओझं चढाच्या बाजूला राहतं, हे सांगताना तर तो आवाज अगदी खाली आणायचा. जणू घराण्याचं गुपितच सांगतोय.

याच आर्विदनं ऑक्टोबरात घरच्या सफरचंदाच्या झाडाला ट्रॅक्टरची धडक देऊन ते आडवं केलं होतं. झाड लेम्पीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लग्नाच्या वर्षी लावलेलं. ती ओरडली नाही. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "आर्विद, अजून एकदा काही झालं, तर किल्ली माझ्याकडे. कायमची." ओरडली असती तर बरं झालं असतं, कारण ओरडून बोललेलं लेम्पी विसरते.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी बर्फावर पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. सगळी टेकडी चिनी मातीच्या बशीसारखी गुळगुळीत झाली. टेकडीच्या पायथ्याला, तळ्याकाठी, वालफ्रेड निएमीचा साउना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची खोली. शनिवारी शेजारीपाजारी तिथं घाम गाळायला जमायचे, आणि कुणी मेल्याशिवाय त्यात खाडा पडायचा नाही. लेम्पी खिळ्यांचे बूट घालून, वेलदोड्याचा पाव काखेत मारून, दुपारीच जपून पायी उतरून गेली होती. वालफ्रेडनं मात्र लाकडं भरलेला आपला ट्रॅक्टर वरच, आर्विदच्या खोपटापाशी सोडून दिला होता. असल्या बर्फावर तो खाली न्यायची त्याची छाती झाली नाही.

चारच्या सुमाराला त्याचा फोन आला. "आर्विद, लाकडं संपत आली रे. दगड तापेनात. येशील तेव्हा काखोटीला चार ओंडके मारून आण."

"काखोटीला कशाला? बकेट भरून आणतो," आर्विद म्हणाला. वालफ्रेड घाबरला तिथं आपण उतरणार, या विचारानं त्याला भलताच चेव चढला.

तयारीला लागला, पण साखळ्या खुंटीवर होत्या आणि त्या घालायच्या म्हणजे बर्फात गुडघे टेकायचे. गुडघ्यांनी नकार दिला. एवढ्याशा उताराला साखळ्या कशाला, असं त्यानं गुडघ्यांच्या वतीनं ठरवून टाकलं. उतारावर टाकायची राख तेवढी हवी होती. गार राखेचा डबा लेम्पीनं सकाळीच आपल्या वाटेवर रिकामा केलेला. मग आर्विदनं चुलीतली काढली, बादलीत भरली आणि लगबगीनं उतारभर पसरली. राखेतून वाफा निघत होत्या. त्याला ते दृश्य फार आवडलं. बर्फाचं तोंड कसं काळं केलं, म्हणून तो खूश झाला.

कमान उभी केली, पट्टा बांधला, चारही चाकं जोडली. राहता राहिलं रिव्हर्समध्ये उतरणं. त्यासाठी मान वळवावी लागते आणि आर्विदची मान गेली दोन वर्षं कुणाच्याही सांगण्यावरून वळत नव्हती. तो नाकासमोर निघाला.

पहिले काही हात ट्रॅक्टर शहाण्यासारखा चालला. मग राख लागली. गरम राखेनं वरचा थर वितळवला होता, आणि ते पाणी तोवर पुन्हा गोठायला लागलं होतं. ट्रॅक्टर घसरला. आता ब्रेकवर पाय द्यायचा नाही, बकेट जमिनीला टेकवायचं, हे आर्विदनं इतक्या लोकांना इतक्यांदा सांगितलं होतं की स्वतःसाठी त्यातलं काही शिल्लकच उरलं नव्हतं. त्यानं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला आणि बाप घोडा थांबवायला घालायचा तशी आरोळी ठोकली, "त्रुऽऽ! त्रुऽऽ!"

ट्रॅक्टर काही बापाचा घोडा नव्हता. त्यानं सावकाश, अगदी ऐटीत, स्वतःभोवती अर्धी गिरकी घेतली. भूर्जाची झाडं आर्विदच्या डोळ्यांपुढून एकेक करून निघून गेली. उताराच्या मधल्या वळणावरून ट्रॅक्टर पाठमोरा बाहेर पडला, पाठमोराच खाली आला आणि वालफ्रेडच्या लाकडांच्या ढिगाशेजारी मऊ बर्फात मागची चाकं रुतवून थांबला. बकेटातला एक ओंडकासुद्धा पडला नव्हता.

साउनातली मंडळी इंजिनाच्या आवाजानं पंचे गुंडाळून, वाफाळत ओसरीवर आली होती. वळणाच्या वरचं त्यांना काहीच दिसलं नव्हतं. टाळ्याच पडल्या.

"बघा रे!" वालफ्रेड ओरडला. "रिव्हर्समध्ये! भाषणात सांगतो तस्सा! आम्ही हसायचो लेकाचे!"

आर्विदनं हात खिशात घातले. लेम्पी दारात उभी होती. ती चक्क कौतुकानं बघत होती. असं तिनं शेवटचं कधी बघितलं होतं, ते त्याला आठवेना. गप्प बसलं की झालं. किल्ली आपली, ट्रॅक्टर आपला, वर टाळ्या फुकट. सत्तरी उलटल्यावर त्याला कमी ऐकू यायचं, चालायला वेळ लागायचा, पण त्या सीटवर बसला की तो पूर्वीच्याच उंचीचा असे. ते त्याला सोडवत नव्हतं.

"मग मीही आणतो माझा," वालफ्रेड बूट चढवत म्हणाला. "असाच, रिव्हर्समध्ये. राख टाकलीयस ना वर?"

"टाकलीय," आर्विद म्हणाला.

वालफ्रेड पंच्यावर कोट चढवून निघालासुद्धा. दहा पावलं गेला असेल. त्याच्या ट्रॅक्टरला कमानच नव्हती, जुना होता. कमान नसलेला ट्रॅक्टर उलटला की माणूस त्याच्या खालीच.

"वालफ्रेड, थांब! राख चुलीतली आहे. गरम."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. गरम राख उतारावर टाकू नये, हे या टेकडीवर दात यायच्या आधी कळतं.

"आणि मी उलटा उतरलोच नाही," तो पुढं म्हणाला. आता निघालंच होतं तोंडातून, तर सगळंच निघू दे. "सुलटा निघालो होतो. बाकीचं ट्रॅक्टरनं स्वतःच्या मनानं केलं."

"साखळ्या?" लेम्पीनं विचारलं.

"खुंटीवर."

वालफ्रेड आधी पांढराफटक पडला, मग इतका हसला की पंचा सुटला. लेम्पी हसली नाही. तिनं हात पुढं केला. आर्विदनं किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. साउनात तो वरच्या फळीवर भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्या दिवशी दगडांवर पाणी टाकायला कुणी त्याला सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी टेकडी तशीच होती. लेम्पी आता ट्रॅक्टर विकायला काढणार, या धास्तीनं आर्विद सकाळपासून खिडकीला पाठ करून बसला होता. इंजिनाचा आवाज आला तेव्हा तो तसाच धावला.

लेम्पीनं साखळ्या घातल्या होत्या. गुडघे बर्फानं पांढरे झाले होते. कमान उभी, पट्टा बांधलेला, बकेटात लाकडं, बुडाखाली उशी. तिनं खालचा गिअर टाकला, मान वळवली आणि मागं तोंड करून उताराला लागली, तसूतसूनं.

"तुला कुणी शिकवलं?" त्यानं हाक मारून विचारलं.

"तूच की. दर वर्षी सभागृहात मागं उभी राहून कॉफी कोण ओततं? भाषण ऐकणारी एकटीच होते मी, बाकीचे खात होते."

तो गार राखेची बादली घेऊन तिच्या वाटेवर मुठी मुठी टाकत पुढं पुढं चालू लागला.

"आर्विद!" वरून आवाज आला. "ट्रॅक्टरच्या खालच्या अंगाला कुणी उभं राहायचं नसतं! हे तू एकदाही सांगितलं नाहीस. बाजूला हो!"

तो बाजूला झाला.