पैसे परत गेले ते साल

मी एक जुनी नाव आहे, मित्रांनो. दूधगंगेच्या काठी, बोरगावापासून कोसभर अंतरावर मी उपडी पडलेली असते. तुम्ही माझ्या पाठीवर बसून चिंचा खाता. आज थोडा वेळ बसा, माझी हकिकत सांगते.

माझा जन्म एकोणीसशे बावीस सालचा. गाव नदीच्या एका काठाला आणि निम्मी शेतं, वस्त्या दुसऱ्या काठाला. पूल नव्हता. गावाने अर्ज केला तेव्हा सरकारने निम्म्या पैशांची ग्रँट दिली आणि उरलेले निम्मे गावाने जमवले. खानापूरच्या जंगलातला साग आणून भरमू सुताराने मला घडवले. बायकांनी मला हळदकुंकू लावून पाण्यात सोडले.

यल्लाप्पा माझा नावाडी. दर उन्हाळ्यात तो माझ्या फटींत काथ्या कोंबून डांबर लावायचा. मी बाजारकरी नेले, तंबाखूची बोदं म्हणजे मोठाले गठ्ठे नेले, सासरी निघालेल्या मुली नेल्या. पण सगळ्यांत जास्त खेपा झाल्या त्या जयाबाईच्या. ती गावची सुईण. कधीही बोलावणे येवो, ती पदर खोचून येई आणि माझ्या टोकाशी बसे.

बारा वर्षांनी माझ्या तळाची फळी कुजली. गावाने पुन्हा अर्ज केला. एक साहेब आले, त्यांनी छत्रीचे टोक फळीत खुपसले, तर टोक सरळ आत गेले. निम्मी ग्रँट मंजूर झाली. अट एकच : गावाने आपला निम्मा वाटा मार्चअखेर भरायचा.

आणि भांडण लागले. दुरुस्तीनंतर मला वरच्या गल्लीच्या घाटाला बांधायचे की खालच्या? वरच्या गल्लीचे पद्मराज म्हणत, आमचा घाट नाही तर आमची वर्गणी नाही. खालच्या गल्लीचे मारुतीरावही तेच म्हणत. शेवटी जयाबाई चावडीवर गेली.

"कुठंबी बांधा, पर आधी फळी बदला," ती म्हणाली.

"हे पंचांचं काम हाय," मारुतीराव म्हणाले. "तू आपली बाळंतपणं बघ."

मार्च संपला. मंजूर झालेले पैसे परत गेले. कोणाला फारसे वाईट वाटलेले मला दिसले नाही. दोन्ही गल्ल्यांना आपणच जिंकलो असे वाटत होते.

श्रावणात नदी दुथडी भरली. एका दुपारी पलीकडच्या काठावरून एक माणूस हाका मारू लागला. वस्तीवरची कांता दोन दिवस अडली होती. जयाबाई धावत आली. यल्लाप्पा मला बांधलेला दोर धरून उभा होता.

"आक्का, फळी पार मऊ पडलीया. पाण्याला ओढबी लई हाय. जायाची आणि यायाची, अशा दोन खेपा हिच्यानं व्हायच्या न्हाईत."

"एक व्हईल न्हवं?"

यल्लाप्पाने वाकून फळी चाचपली. "एक व्हईल," तो म्हणाला.

"मग मला पलीकडं सोड. यायाचं मागनं बघू."

ती बसली आणि तांब्याने पाणी उपसू लागली. मित्रांनो, मी माझ्या परीने ती फळी धरून ठेवली होती. पलीकडचा काठ वीस हातांवर आला तेव्हा फळी निखळली. यल्लाप्पाच्या हाती करंजाचे मूळ लागले. जयाबाईच्या हाती काहीच लागले नाही. ती दुसऱ्या दिवशी दोन मैल खाली सापडली. मीही वाहत येऊन इथे काठाला लागले. कांता कशीबशी वाचली, तिचे बाळ वाचले नाही.

गावाने दोन दिवसांत वर्गणी गोळा केली. नवा अर्ज गेला, पुढच्या साली ग्रँट आली, नवी नाव आली. ती कुठल्या घाटाला बांधायची, हे कोणीच विचारले नाही. पंचांनी वल्हे यल्लाप्पापुढे धरले. त्याने ते घेतले नाही. तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाली करायला गेला. सणाला गावी आला की माझ्याजवळ बसतो.

मित्रांनो, गावाच्या वस्तूला धनी नसतो असे म्हणतात. तसे नसते. तुमच्या शाळेचे छप्पर, विहिरीचा कठडा, ओढ्यावरची फरशी, सगळ्यांवर कोणीतरी भरवसा ठेवून पाऊल टाकत असते. मोडकळीला आलेले दिसले तर आपला वाटा आधी द्या, मानपान मागून ठरवा. जयाबाईला पोहता येत नव्हते. हे साऱ्या गावाला ठाऊक होते.