गोगलगायीचं झाकण

चाळीस वर्षं पाव भाजलेल्या त्या माणसाला सगळी गल्ली भट्टीबुवा म्हणायची, आणि ते नाव ते पदवीसारखं मिरवायचे. उजव्या हातावर त्यांना औषधालाही केस नव्हता. भट्टी तापली की नाही, हे ते हात आत घालून आकडे मोजत ठरवायचे. आठाला हात मागे ओढावा लागला, तर भट्टी झकास. सांगणारे सांगतात, त्यांच्या पावाचा वास एवढा लांब जाई की जहाजं दीपस्तंभाकडे पाठ फिरवून त्या वासावर बंदर गाठायची. खरंखोटं त्या जहाजांना ठाऊक.

अशा माणसाच्या स्वयंपाकघरात सुनेने स्लो कुकर आणला. जड चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण, खाली विजेचं बटण आणि काम काय, तर दिवसभर गप्प बसणं. बुवांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव गोगलगाय ठेवलं.

"ह्याच्यात मटण शिजेपर्यंत बकरीला पणतवंडं होतील."

"होऊ देत, बाबा. ओव्हनमधल्या मटणाने काय पराक्रम केला, ते आत्यांना विचारा."

आत्या म्हणजे बुवांची थोरली बहीण, अक्का. चौथ्या मजल्यावर एकटी राहायची, आणि गेल्या महिन्यात जिन्यावरून घसरली होती. बुवांनी हातापाया पडून सांगितलं, आता आमच्याकडे ये. अक्का म्हणाली, आधी जेवून बघते. बुवांनी ओव्हनमध्ये बकऱ्याची तंगडी अशी भाजली की वरचं कवच टकटक वाजत होतं. अक्काने पहिला घास तोडला आणि तिची कवळी मटणात रुतून बसली. बुवांनी ती चिमट्याने ओढून काढली. अक्का उठली आणि निघून गेली. पुढे आठ दिवसांनी निरोप आला, "रविवारी पाच वाजता शेवटचं येईन. तेव्हाही चावता आलं नाही, तर मी माझ्या घरी बरी."

म्हणून त्या रविवारी चूल सुनेच्या हाती गेली. ती शहराची बस चालवायची आणि रविवारीही तिची ड्युटी असायची. सकाळी सहाच्या ठोक्याला तिने मटण, कांदे, गाजरं, मिरे आणि पाणी भांड्यात घातलं, बटण फिरवलं आणि चाव्या उचलल्या.

"बाबा, एकच गोष्ट. झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की आतली वाफ जाते, अन् शिजणं वीस मिनिटं मागे पडतं."

"मला शिकवतेस? चाळीस वर्षं—"

"चाळीस वर्षं तुम्ही दार उघडून बघत आलात. तेच सांगतेय."

सून गेली. बुवा खुर्ची ओढून भांड्यासमोर बसले. आता ओव्हन कसा, माणसात मोडतो. तापताना कुरकुरतो, लाल होतो, चरबी तडतडली की दाद देतो. ही गोगलगाय मात्र मख्ख. वाफही काचेआडच राहिलेली. साडेसातला बुवांना वाटलं, वीज गेली असावी. दिवा लावून पाहिला, लागला. तरी खात्री नको का? झाकण उघडलं. मटण गुलाबी, पाणी कोमट. मग साडेआठला कांदा तळाशी लागला असेल म्हणून उघडलं. सव्वानऊला मिठासाठी. मीठ बरोबर होतं, म्हणून दहाला परत, कारण इतकं बरोबर मीठ त्यांना संशयास्पद वाटलं. बारा वाजेपर्यंत सात वेळा झाकण उघडून झालं आणि मटण अजून रबरासारखं.

चुकलं कुठे, ते बुवांना कळलं, आणि हात कुणाचा तेही. पण हात तर अजून शिवशिवत होता! आठव्यांदा तो झाकणाच्या मुठीवर पोचला, तसा डाव्या हाताने त्यांनी तो पकडला आणि दोन्ही हात परातीकडे नेले. घट्ट पीठ मळलं, लांब दोरी वळली, झाकणाच्या कडेभोवती दाबून बसवली, वाफेला तेवढं बारीक भोक सोडलं. स्वतःला बंदी घालायला त्यांना तेवढाच कायदा येत होता.

मग ते बसून राहिले. आणि गंमत बघा, हात मोकळे झाल्यावर नाक कामाला लागलं. दोन वाजता भोकातून कांद्याचा गोडवा आला. तीनला मिरे. साडेतीनला हाडातला रस असा दरवळला की वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने उगाचच जिना उतरून वेळ विचारली. इतकं कमी बोलून इतकं काम करणारा कारागीर बुवांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

चारला सून आली. पिठाचा पट्टा पाहून दारातच थबकली.

"किती वेळा उघडलंत?"

"तीन."

"बाबा."

"सात. आता मटण सव्वासातपर्यंत काही होत नाही. पाचला अक्का येईल, तिला काय तोंड दाखवू?"

सून खुर्चीवर बसली आणि हसत सुटली. "दुपारी दोनलाच होणारं मटण मी पाचच्या जेवणासाठी कशाला लावलं असेल? तुमच्या आठ वेळा धरल्या होत्या. पीठ लावाल, हे मात्र धरलं नव्हतं."

थंडीत पीठ उशिरा फुगतं, म्हणून भिजवण्याची वेळ अलीकडे घ्यायला बुवांना दहा वर्षं लागली होती. ह्या पोरीने सासऱ्याचा स्वभाव वर्षभरात मोजला होता.

"गोगलगाय अन् पोटात पाय," ते पुटपुटले.

"कोण? कुकर?"

"तू!"

पाचला अक्का आली, नवी कवळी घालून, हातात काठी आणि तोंडावर फिर्याद. सुनेने सुरीच्या मुठीने पट्टा फोडला. वाढताना मटण हाडावरून आपण होऊन उतरलं. अक्काने काट्याने ढोसून पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि मग घास घेतला. दुसऱ्या घासानंतर तिने शांतपणे कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि ताट पुढे सरकवलं.

"अजून वाढ गं. हे तुझ्या सासऱ्याने केलं नाही, ते दिसतंच आहे."

"मी फक्त हात लावला नाही," बुवा म्हणाले. "आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, अक्का."

अक्काने रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत पुसून खाल्ला. मग म्हणाली, "पलंग खिडकीपाशी लागेल. आणि माझ्या सहा कुंड्या येतील बरोबर."

"साठ आण!"

तिचं मन बदलायच्या आत कुंड्या आणाव्यात म्हणून भट्टीबुवा तसेच उष्ट्या हाताने जिना उतरले. चौथ्या मजल्याची किल्ली मागायचीसुद्धा त्यांना आठवण राहिली नाही.