प्रस्थानाचं उपरणं

सून आशा रात्रीपासून अडलेली होती आणि तिचे सासरे उत्तमराव ओट्यावर बसून पानाला चुना लावत होते. मंजुळाबाईला नवऱ्याच्या त्या बोटांची किळस आली.

सुईण खुर्शीदबीनं तांबडं फुटायच्या आधीच सांगून टाकलं होतं, मूल आडवं आहे, हिंगोलीच्या दवाखान्यात न्या, आता हे माझ्या हातचं राहिलं नाही. पण उत्तमरावांच्या पंचांगात प्रत्येक वेळेला काहीतरी निघत होतं. शनिवार होता. सकाळी गुलिक काळ. तो सरला तर स्वारीची अंघोळ, पूजा, न्याहारी. आणि आता राहूकाळ लागला. तो सरू द्या, असं त्यांनी तोंडातला रस सांभाळत सांगितलं. ज्याची बायको आत मरायला टेकली होती तो त्यांचा लेक रामकिशन, खांबाला टेकून बापाच्या तोंडाकडं बघत उभा. असला पोरगा आपल्याच पोटचा, याचीही तिला शिसारी आली.

दारात गाडी मात्र जुंपून तयार होती. ती उत्तमरावांसाठी. निजामाच्या अदालतीत, हिंगोलीलाच, त्यांच्या खटल्याची पेशी होती. त्यांना राहूकाळ लागत नव्हता, कारण गुरुवारी चांगली वेळ बघून त्यांनी सुपारी, हळकुंड आणि तांदूळ आपल्या उपरण्यात बांधून पुनमचंदच्या दुकानात प्रस्थान ठेवलं होतं. प्रस्थान ठेवलं की माणूस तेव्हाच घरातून निघाला असं धरायचं. मग तो खुद्द कधी का जाईना. म्हणजे गाडी याच राहूकाळात हिंगोलीला जाणार होती. सुनेनं ती परत यायची वाट बघायची.

"तिला संगं काहून नेत न्हाई तुमी?" मंजुळाबाईनं विचारलं.

"तिचं पस्तान कुटं हाय? तिच्यापायी माझी पेशी नासवू काय?"

एवढं बोलून त्यांनी पिचकारी मारली. ती बैलाच्या खुरापाशी पडली. तीस वर्षं मंजुळाबाई या माणसाचं उष्टं काढत आली होती.

पदर खोचून ती तडक पुनमचंदच्या दुकानात गेली. मालकांनीच मागवलंय असं समजून त्यानं उपरण्याची पुरचुंडी दिली. घरी येऊन तिनं आणि खुर्शीदबीनं आशाला उचलून गाडीत घातलं. पुरचुंडी तिच्या उशाला ठेवली.

"पस्तान गाडीत हाय. हाक," तिनं गाडीवान चाँद पाशाला सांगितलं. त्यानं मालकाकडं बघितलंसुद्धा नाही. रामकिशन चालत्या गाडीमागं पळत आला, तेवढंच.

सून वाचली. नातू नाही. सकाळीच आणलं असतं तर दोघंही हाती लागले असते, असं डॉक्टर म्हणाले.

दिवस कलता उत्तमराव दुसऱ्याच्या गाडीतून पोचले. पेशी हुकली होती. दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून त्यांनी आधी आपलं उपरणं मागितलं.

ते मंजुळाबाईच्या मांडीवरच होतं. तिनं दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढं धरलं.

"घ्या. नातू हाय यात."

उत्तमरावांनी झटकन हात मागं घेतले. मग हळूच विचारलं, "कवा गेलं? राहूकाळात का?"

"न्हाई. राहूकाळ कवाच सरला व्हता. चांगल्या येळंला गेलं," ती म्हणाली, आणि त्यांच्या पायापाशी थुंकली.