तीन कवा गवत

मित्रांनो, माझी वरची कड पाहून तुम्हाला वाटेल की मला उंदरांनी खाल्ले आहे. तसे नाही. उंदरांचे दात एवढे मोठे नसतात. मी एक जुनी गव्हाण आहे, घोड्यांच्या पागेतली, आणि ही कड माझ्या अतिशय लाडक्या घोडीने कुरतडली आहे. तिला बोल लावण्याआधी माझे ऐकून घ्या.

गव्हाण होण्याआधी मी एका ओढ्यावरच्या पुलाच्या फळ्या होते. घोडे माझ्या अंगावरून टापा वाजवत जात. पुढे तो पूल पाडून दगडी बांधला आणि माझ्या फळ्या एका तरुण सुताराच्या हाती लागल्या. मिसरूड नुकतेच फुटलेला पोरगा होता, पण हात असा हलका की रंधा फिरवताना गुदगुल्या व्हाव्यात. त्याने माझे चारही कोपरे घासून घासून गोल केले. कुणीतरी हसून विचारले, "अरे, घोड्याचं ताट करतोयस की नवरीची पेटी?" तो म्हणाला, "घोड्याचा ओठ कधी हाताला लागलाय का तुमच्या? लागला की मग बोला."

अशी मी घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेच्या पागेत आले. सहा खण, सहा घोडे, सहा गव्हाणी. माझा खण अगदी शेवटचा, चाऱ्याच्या माळ्याकडे जाणाऱ्या शिडीजवळचा. आमचा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, दारातून आत यायचा तो वाकून आणि तिरका होऊन. सगळे त्याला पहिलवान म्हणत. दिवसाचा चारा कुणीही घालो, संध्याकाळचा तो स्वतःच घालायचा. माळ्यावरचे वाळलेले गवत दोन्ही हात पसरून छातीशी धरायचे, मावेल तेवढी एक कव. अशा तीन कवा प्रत्येक घोड्याला. पहिलवानाची तिसरी कव पडली की मी काठोकाठ भरून जाई आणि चार काड्या बाहेर लोंबत.

मित्रांनो, घोडा काही माणसासारखा दोन वेळा जेवून हात धुऊन मोकळा होत नाही. त्याचे पोट त्याच्या अंगाच्या मानाने लहान असते आणि त्यात आंबट रस सारखा झिरपत राहतो, गवत असो वा नसो. गवत चावताना लाळ सुटते आणि ती पोटात जाऊन त्या रसाची धार बोथट करते. म्हणून घोडा थोडे खातो, थोडा डुलकतो, पुन्हा थोडे खातो. सहा घोड्यांच्या त्या संथ चावण्याच्या आवाजात माझी कितीतरी वर्षे सुखात गेली.

आणि मग माझ्या खणात अबलख घोडी आली. पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग, जणू कुणी चहा सांडला आहे. स्वभावाने इतकी गरीब की पहिल्यांदा घोड्यावर बसणारे प्रत्येक मूल आधी तिच्या पाठीवर बसायचे. एखादे रडायला लागले तर ती आपणहून थांबायची आणि मान वळवून पाहायची, "काय झालं बाळा?" असे विचारल्यासारखी.

पुढे पहिलवानाचे गुडघे गेले आणि काम त्याच्या लेकीकडे आले. लेक बापाच्या वळणावर गेली नव्हती. किडकिडीत, बुटकी, माझ्या पलीकडे उभी राहिली की तिचे फक्त डोळे आणि कपाळ दिसे. पण घोड्यांवर जीव टाकणारी. निरोप घेताना पहिलवान तिला म्हणाला, "खरारा, पाणी, नाल, सगळं तुझ्या मनानं कर. तुला येतं. फक्त रात्रीच्या गवताचं माप बदलू नकोस. तीन कवा म्हणजे तीन कवा."

"चार नाही, दोन नाही. ठाऊक आहे बाबा," ती म्हणाली, आणि तिने खांबावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहूनही ठेवले.

त्या दिवसापासून एक संध्याकाळ अशी गेली नाही की तिने तीन कवा घातल्या नाहीत. घाम गाळत, केसांत काड्या माळून, मोजून तीन. आणि त्या दिवसापासून मी कधी अर्धीही भरले नाही.

मला कळत होते हो! पण गव्हाणीला तोंड असते ते नुसते खायला घालण्यापुरते. दिवे मालवून माणसे घरी पोचायच्या आत गवत संपून जाई. अबलख माझा तळ चाटायची. पुन्हा चाटायची. मग डोके वर करून दाराकडे बघत राहायची. रात्र तर सगळी पुढेच असायची. शेवटी पोटातली आग सोसवेना की ती माझ्या कडेला दात लावी. मला त्याचे दुःख नव्हते. दुःख याचे, की माझ्यात तिला पुरेल असे काही नव्हते.

चार महिन्यांत आमच्या पागेची पार रया गेली. काळा घोडा दाराला लाथा घालू लागला. तांबडा जागच्या जागी झुलू लागला. आणि अबलख? पाठीवर खोगीर बांधायला गेले की कान मागे टाकून दात दाखवायची. एकदा तर तिने एका चिमुरड्या मुलीची बाही धरली. मुलीला काही झाले नाही, पण तिच्या आईने सगळी शाळा डोक्यावर घेतली.

लेकीने माझ्या कडेला कडूजार लेप लावून पाहिला. अबलखने त्याच्या शेजारचे लाकूड खाल्ले. "बये, काय कमी आहे तुला?" असे लेक तिच्या मानेत तोंड खुपसून विचारी. उत्तर तिच्या हाताखाली होते, रिकामे.

मग शाळेच्या मालकीणबाई आल्या. बाई कडक होत्या, पण मनाने वाईट नव्हत्या.

"बिघडली ही," त्या म्हणाल्या. "आणि हिचं बघून बाकीचे पाचही बिघडले. रविवारी सकाळी विटा वाहणारा गाडीवाला येतोय, पसंत पडली तर नेईल. आणि ही कुरतडलेली गव्हाण काढ, लोखंडी बसवू."

"बाई, विटा ओढायला? अहो, तिनं जन्मात गाडी बघितली नाही. थोडे दिवस द्या."

"चार महिने दिले की गं."

शनिवारी सकाळी, शिकणारी मुले यायच्या आधी, मला उखडायला सुतार आला. पिकल्या मिशांचा, कानावर पेन्सिल. त्याने पटाशी लावायला माझ्या कोपऱ्यावर हात ठेवला आणि ठेवलाच.

"अगं पोरी, ही तर माझीच! असे वेडे गोल कोपरे दुसरा कोण करणार?"

"मग काका, तोडवेल का तुम्हाला?"

"तोडायच्या आधी बघू तर दे, काय झालंय." तो गुडघ्यावर बसला, खालच्या काड्याकुड्या बोटांनी चिवडल्या. "काल संध्याकाळी तू झाडलंस तेव्हा इथं ढलपी होती का?" "एकही नव्हती," लेक म्हणाली. "मग आता ही बघ मूठभर. ओल्या आहेत अजून. म्हणजे ही दिवसा लाकडाला तोंड लावत नाही. रात्री काय देतेस हिला?"

"तीन कवा गवत. बाबांनी सांगितलं तसं. एकदाही कमी केलं नाही."

"तीन कवा म्हणजे काय थोडं झालं?" त्याने माझ्या तळावरून हात फिरवला. तळ चाटून चाटून आरशासारखा झाला होता. "पण मग हा एवढा कशाला चाटलाय? घाल बघू माझ्यासमोर."

ती माळ्यावर चढली. एक कव. दुसरी. तिसरी. सुतार माझ्याकडे बघत होता.

"संपलं?"

"संपलं. तीन झाल्या की."

"पहिलवान घालायचा तेव्हा कुठवर यायचं?"

लेकीने केसांतली काडी काढली. "मी बघितलंच नाही कधी. त्या वेळी मी नळावर बादल्या भरत असायची."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली, तिच्या हातांकडे पाहिले आणि एकदम म्हणाला, "बापाला बोलव."

पागेच्या मागेच त्यांचे घर होते. पहिलवान काठी टेकत, कुरकुरत आला. "चहा तरी पिऊ द्यायचा होतास." सुताराने मला रिकामी केली आणि गवताचा ढीग त्याच्यासमोर ओढला. "एक कव घाल. जास्त बोलू नकोस."

पहिलवानाने काठी भिंतीला लावली, हात पसरले, ढीगच्या ढीग छातीशी धरला आणि माझ्यात टाकला. लेकीच्या तीन कवा जिथवर आल्या होत्या, त्याच्या एका कवेने जवळजवळ तिथवर मजल मारली.

सगळ्यांच्या आधी अबलख बोलली. तिने पहिला घास तोडला.

"अगं, मी तीन म्हणालो होतो!" पहिलवान म्हणाला.

"तीनच घालते बाबा!"

"माझ्या तीन!"

"मग तुमचे हात मी कुठून आणू?"

सुतार पोट धरून हसला. पण लेकीचे हसू ओठावरच मोडले. ती अबलखच्या मानेला बिलगली आणि हुंदके देऊन रडू लागली. "चार महिने उपाशी ठेवली गं तुला. आणि वर तुलाच विचारत होते, काय कमी आहे म्हणून."

पहिलवान हळूच म्हणाला, "माझी चूक. हाताचं माप तोंडानं सांगितलं मी."

तेवढ्यात बाई आल्या. त्यांना सगळे दाखवले. त्यांनी माझ्यात डोकावून पाहिले, मग बापलेकीकडे पाहिले, आणि पदराआड हसू लपवले. पण म्हणाल्या, "एका रात्रीत काय फरक पडणार? गाडीवाला उद्या येणार आहे."

"मग उद्या त्याच्या आधी तुम्ही या," लेक डोळे पुसत म्हणाली. "एवढंच मागते."

त्या संध्याकाळी तिने किती कवा घातल्या ते मोजले नाही. मी भरेपर्यंत घातल्या. साही खणांत. मित्रांनो, इतक्या दिवसांनी माझ्या काठावरून काड्या लोंबल्या तेव्हा मला पुन्हा पुलावरच्या उन्हात पडल्यासारखे वाटले. अबलखने सवयीने दोनदा माझ्या कडेला दात लावले, खोटे कशाला बोलू. मग तिला आठवले की आत गवत आहे. मग ती खात राहिली, डुलकली, पुन्हा खात राहिली.

सकाळी बाई आल्या आणि माझ्या खणाशी येताच किंचाळल्या, "अगं, धाव! घोडी गेली!"

लेक धावली. अबलख चारी पाय पसरून आडवी पडली होती आणि घोरत होती.

"गेली नाही बाई, झोपली," लेक कुजबुजली. "पोट भरलं, म्हणून." माझ्या तळाशी ओंजळभर गवत उरले होते. खाली एकही ढलपी नव्हती. बाईंनी ते उरलेले गवत हातात घेऊन पाहिले आणि अलगद पुन्हा माझ्यात ठेवले.

फाटकाशी गाडीवाल्याने हाक दिली. बाई बाहेर गेल्या. मला त्यांचे शब्द स्वच्छ ऐकू आले.

"घोडी झोपली आहे. उठवायची नाही. आणि विकायचीही नाही."

खोगिराचा राग जायला तिला पुढे दोन महिने लागले, पण गेला. लोखंडी गव्हाण परत पाठवली. माझी कड सुताराने तासून द्यायची म्हटली, तर लेकीने नको म्हटले. राहू दे, मला दिसू दे रोज, म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी मुके जनावर असेल, तर त्याच्यापुढे खाणे ठेवून लगेच पाठ फिरवू नका. आपण किती दिले ते आपल्याला रात्रीच कळते. पण त्याला पुरले का, ते सकाळी त्याचे भांडे सांगते. जरा वाकून बघत जा. आम्ही सांगायला तयारच असतो.